लसणाच्या सालीचा रंग

सुमनकाकूंनी लव्हेंडरचं फूल जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फरशी पुसायच्या बाटलीवर. तेवढ्या ओळखीवर त्यांनी तो रंग असा उचलला, की पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत तो त्यांच्या मालकीचाच झाला. साड्या लव्हेंडर, पडदे लव्हेंडर, गॅसच्या सिलिंडरला शिवलेला झगासुद्धा लव्हेंडर.

मी अजिंठ्याकडच्या खेड्यातून शिकायला आले आणि त्यांच्या खानावळीत जेवायला लागले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी कुणी न विचारता सांगते. काकूंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्या नव्या ड्रेसकडं पाहिलं.

"हुशार दिसतीस. पण हा रंग कोणी गळ्यात मारला? मार लागल्यावर तिसऱ्या दिवशी कातडं असं दिसतं."

"लव्हेंडरच आहे की, काकू."

"नाय बाई. लव्हेंडर म्हणजे लसणाच्या सालीवर असती ना, ती झाक. जरा लाल झाली की कांदा. गडद झाली की वांगं. निळी पडली की जांभळं खाल्लेली जीभ. तुझं हे कोणत्याच भाजीत बसत नाय."

आणि रंग बघायचा तो उन्हातच. "ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतेत," म्हणायच्या आणि दुकानदाराच्या हातातली साडी ओढून थेट रस्त्यावर. गुलमंडीवरचा एक दुकानदार तर काकू दिसल्या की आधी चप्पल घालायचा.

हे सगळं सुरू झालं एका पांढऱ्या साडीपासून. मी यायच्या आधी काका वारले तेव्हा काकूंचे धाकटे भाऊ, नामदेवमामा, कन्नड गावाहून दुखवट्याची पांढरी साडी घेऊन आले. काकूंनी तेरावा होऊ दिला. मग खानावळीच्या पातेल्यात बीट उकळलं, वर नीळ ओतली आणि साडी बुडवली. साडीवर नकाशे उमटले. आठवडाभर खानावळीच्या वरणालाही तीच झाक होती म्हणे. काकू तीच साडी नेसून भाजीला गेल्या.

मामा पेटले. "आक्का, लोक काय म्हणतील?"

"नवरा माझा गेला, लोकांचा नाय. आन् मी काय भिंत हाय का, चुना फासायला?"

मामांनी पुढं बरीच वर्षं या घरात पाणी घेतलं नाही. नंतर राखीला यायला लागले. पेढ्याचा डबा आणायचे. साडी कधीच नाही.

मी पदवी घेतली, नोकरीला लागले, खोली मात्र त्याच गल्लीत ठेवली. काकूंनी अंथरूण धरलं तेव्हा मला जवळ बोलावून बजावलं, "बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची. नाम्या परत पांढरीच आणील. नेसवू देऊ नको. नेसवली तर उठून बसंन मी."

"मी काय करणार, काकू?"

"शिकलीस ना इतकी? भांड."

या उन्हाळ्यात काकू गेल्या. मी भांडायच्या तयारीनं दारात उभी. मामा रिक्षातून उतरले, काखेत पिशवी.

"मामा, पांढरी असेल तर सांगून ठेवते..."

त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "दुकानदाराला लसणाची साल दाखवली. खिशात घालूनच गेलो व्हतो."

आत शेजारच्या रझियाआपांनी साडी उलगडली. ट्यूबलाइटकडं धरून म्हणाल्या, "ये तो कांदा है."

"कांदा कुठला? चक्क वांगं," समोरच्या मंदाताई.

काकू मध्ये निजलेल्या आणि त्यांच्या डोक्यावरून मंडई चाललेली. मामांचा चेहरा पडला. "बदलून आणू का?"

"आधी उन्हात चला," मी म्हणाले.

आम्ही साडी दारात नेली. रझियाआपांनी एक टोक धरलं, मी दुसरं. तिरडी बांधणारे हातातली सुतळी सोडून बघायला आले. उन्हात साडीतलं वांगं उतरलं, मग कांदा उतरला, फिकी होत होत ती थांबली.

मामांनी खिशातली साल काढून साडीवर ठेवली. ती कुठं ठेवली, ते कुणाला दिसेना.