वळणावर घसरणारी गाडी

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी जव्हारच्या घरातली एक जुनी संध्याकाळ आठवली. यांनी हौसेने प्लायवूडवर खेळण्यातली आगगाडी मांडली होती, पण एका वळणावर डबे हमखास घसरायचे. "तू फडकं मारतेस, त्याने रूळ हलतात," हे रोज ऐकून माझं डोकं तापलं होतं.

त्या दुपारी मी रुळांवरून बोट फिरवलं. वळणाच्या सांध्यापाशी एक रूळ केसभर वर आला होता. तो दाबून बसवला, चाकांना मशीनचं तेल दिलं, आणि गाडी सुरळीत फिरू लागली. हे ऑफिसातून आल्या आल्या मी यांना सगळं सांगितलं.

तेवढ्यात मोखाड्याहून माझे दीर आले. "दादा, जमवलंस की," ते म्हणाले.

"हिचं फडकं बंद केलं, बस," हे हसले.

मी उठले आणि नखाने तो रूळ पुन्हा उचलला. डबे धडाधड कलंडले.

"आता तुम्ही बसवा," मी म्हणाले.

तेव्हा दिरांसमोर असं वागल्याची लाज वाटली होती. आज नुसता राग येतो, आणि तो मला पटतो.