नबीसाब मराठीत बोलले

गुडघा गेला आणि सोलापूरच्या मोईनचं फुटबॉल खेळणं सुटलं. मग तो मस्कतच्या एका क्लबात कोच झाला. त्याचे अब्बा नबीसाब ट्रक चालवायचे. पोराची मॅच असली की चिंचोळीच्या कारखान्यांचा माल तसाच ठेवून मैदानावर हजर व्हायचे. मस्कतहून मात्र मोईन दरवर्षी म्हणायचा, "यंदाचा सीझन झाला की येतो."

अखेर त्याच्या संघानं लीग जिंकली आणि तो आला. अब्बांना विसरायला होतंय, हे बहीण शगुफ्तानं फोनवर सांगितलं होतं. अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. घरच्यांशी ते कायम दखनीत बोलायचे, मराठी फक्त परक्यांशी. मोईनला बघून ते अदबीनं म्हणाले, "या की. कुणाकडं आलाय?"

मोईननं हातातली बॅग खाली ठेवली. "मस्कतहून आलोय," तो कसाबसा मराठीतच म्हणाला.

अब्बांचा चेहरा फुलला. "माझा मोईन तितंच कोच हाय! त्याला सांगा, कप न्हाय मिळाला तरी चालंल, पण घरी ये म्हणावं."

"सांगतो," म्हणत मोईन त्यांच्या पायाशी बसला.

तो पुन्हा मस्कतला गेलाच नाही. अब्बांनी मात्र त्याला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हटलं.