युरोपाबाहेर जायचं नाही

आमच्या संस्थेची वादविवाद स्पर्धा दरवर्षी परभणीच्या कॉलेजात होते, आणि तिचा विषय ठरवणाऱ्या मंडळींबद्दल माझ्या मनात दरवर्षी एकच भावना येते. ती छापण्यासारखी नाही. त्या वर्षीचा विषय होता, ‘पाश्चात्त्य समाजातील अनिर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्य धर्माच्या आणि राष्ट्रीय अस्मितेच्या मुळावर उठले आहे’. बैठकीत माझ्याखेरीज पाच जण होते, त्यांतला एकही हैदराबादच्या पुढं गेलेला नव्हता, पण फ्रान्सबद्दल सगळे असे बोलत होते, जणू ते जिंतूरच्या अलीकडंच आहे.

एकानं सांगितलं, तिकडं पोरींना शाळेत डोकं झाकू देत नाहीत. दुसरा म्हणाला, एका देशात भर चौकात धर्मग्रंथ जाळतात आणि पोलीस जाळणाऱ्यालाच संरक्षण देतात. तिसरा म्हणाला, नागरिक व्हायचं तर तिथं परीक्षा द्यावी लागते, आमच्या मूल्यांवर विश्वास आहे का म्हणून. मग सगळ्यांनी मिळून पाश्चात्त्य समाज पार बुडवला आणि चहा मागवला. बुडवणाऱ्यांत जो सर्वांत पुढं होता, त्याचा मुलगा जर्मनीत आहे. तिथं गणपती बसवायला सरकार रस्ता मोकळा करून देतं याचे व्हिडिओ तो आम्हाला गेली तीन वर्षं दाखवतोय. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून कशा येतात, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्याला कळलं नसतं.

तेवढ्यात कुणीतरी हळूच विचारलं, “अन् पोरं इकडचंच बोलाय लागली तर?”

मग ठराव झाला, की मांडणी पाश्चात्त्य समाजापुरतीच राहील आणि विषयांतर केल्यास गुण वजा होतील. मी म्हणाले, “म्हणजे स्वातंत्र्यावर बोलायचं, पण व्हिसा काढून.” सगळे खो खो हसले आणि ठराव मंजूर झाला. आपण फार मोठं बोललो, अशा तोऱ्यात मी मानवतची एसटी धरली.

मी मानवतच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्याकडून बारावीतली एक मुलगी उभी राहणार होती आणि तिची तयारी माझ्याकडं होती. परीक्षकही मीच, आणि वेळ मोजून घंटा वाजवणारीही मीच. आमच्या संस्थेत याचं कुणाला काही वाटत नाही.

मुलीचं घर देवगाव फाट्याच्या पलीकडच्या एका गावात. घरात मेंढरं. वडील वर्षाचे आठ महिने कळप घेऊन गावोगाव फिरतात. शेतकरी त्यांना बोलावून मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतो, रानाला खत मिळतं आणि त्यांना धान्य. मुलगी मानवतला वसतिगृहात राहते. तिला मी विषयाच्या विरोधी बाजूचं भाषण लिहून दिलं होतं. व्यंगचित्रं, खटले, निर्वासित, सगळं त्यात व्यवस्थित होतं, आणि एकही शब्द आपल्या शेजारच्या गंगाखेडपर्यंतसुद्धा पोचणार नाही याची काळजी मीच घेतली होती. ती दोन आठवड्यांत घडाघडा म्हणू लागली. मला म्हणाली, “मॅडम, बापू यायलेत ऐकायला. कळप माझ्या चुलत्यापाशी ठेवून यायलेत.” वडिलांनी तिचं भाषण आजवर ऐकलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून संस्थेचे संचालक आले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते या मुलीच्याच गावचे. गावच्या देवळाची सभासुद्धा त्यांच्याच अध्यक्षतेखाली होते. अभिव्यक्तीवर साहेब पाऊण तास बोलले. मग नारळ, शाली, स्वागतगीत. त्यानंतर मुलांना प्रत्येकी सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला एक घंटा, सातव्याला दोन. दोन घंटा झाल्या की वाक्य अर्धं असलं तरी बसायचं, हे मुलं पहिल्या वर्षीच शिकतात.

पहिल्या चौघांनी नुसती पोपटपंची केली. एकानं तर मुठी आवळून युरोपला असा दम दिला, की मला युरोपचीच दया आली. मग ही उठली. दोन मिनिटं माझं भाषण, अक्षर न अक्षर. मग थांबली, आणि पुढं जे बोलली ते मी लिहून दिलेलं नव्हतं.

“तिकडं लंडनमधी जन्मलेल्या मानसाला इचारतेत, तू खरा कुठला? लोक म्हन्तेत, लय वाईट. मला काही नवं वाटलं न्हाई. आमी ज्या गावाच्या शिवारात जातो तिथं हेच इचारतेत. आमच्या सोताच्या गावातबी इचारतेत.”

मागच्या रांगेत फेटा बांधलेला एक माणूस खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसला.

“आमच्या देवळाला भिंत घालायची ठरली. भिंतीनं हौदाची वाट बंद व्हायली. माझे बापू सभेत उठून म्हनले, भिंत घाला, देव आमचाबी हाय, पन मेंढरांना पान्याची वाट तेवढी सोडा. तर म्हनले, धर्माच्या आड यायला का? तुमी तर फिरस्ते, तुमी हितले कवापासून? बापूंना कुनी मारलं न्हाई. बोलायला बंदी न्हाई आमच्याकडं. पन त्या साली गावातल्या एकानंबी आमच्या मेंढ्या रानात बसवून घेतल्या न्हाईत. तिकडं जाळनाऱ्याला पोलीस देतेत. आमाला पोलीस नको. बोलल्यावर पुन्हा बोलवा, येवढंच पायजे. अन् सभेत हे बोलनारे पयले जे होते, ते…”

मी घंटा वाजवली. दोनदा.

माझ्यासमोरच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. मला कुणी खुणावलं नव्हतं, कुणी चिठ्ठी पाठवली नव्हती. साहेब त्या वेळी मोबाइलमध्ये पाहत होते. बदली, हिंगोलीकडची शाखा, घरातली सासू, हे सगळं माझ्या डोक्यात आलं असं मी पुढं स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं म्हणजे तेवढा वेळच गेला नाही. डोक्याआधी हात गेला. माणूस इतका तयार झालेला असतो.

मुलीनं तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडं पाहिलं. मग हात जोडले, “इथेच थांबते” असं शुद्ध मराठीत म्हणाली आणि जाऊन बसली. मी गुणपत्रिकेवर विषयांतराच्या रकान्यात आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. पहिला क्रमांक युरोपला दम देणाऱ्याला गेला.

जेवणाच्या वेळी साहेब माझ्याजवळ आले. हातात जिलेबीची ताटली. “मॅडम, ती आमच्या गावची पोरगी. बोलू द्यायचं की तिला. आपल्याकडं लोकशाही हाय,” असं म्हणून मोठ्यानं हसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना घंटेची गरजच नव्हती. ती बोलली असती, लोकांनी ऐकलं असतं, आणि गावात काहीही बदललं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ज्याला घाबरून शेपूट घातली, त्यानं माझ्याकडं मागणीसुद्धा केली नव्हती. मी “हो ना साहेब” म्हणाले आणि हसलेसुद्धा.

आजवर मी या संस्थेतल्या प्रत्येकाला मनात नावं ठेवली. हा भित्रा, तो लाळघोट्या, अमका बिनकण्याचा. माझी सगळी हुशारी चहाच्या कपापाशी टोमणे मारण्यात खर्च झाली. त्या सभागृहात माझ्याइतकं लाचार कुणीच नव्हतं. बाकीच्यांना निदान आपण स्वतंत्र असल्याचा भ्रम होता. मला सगळं कळत होतं, आणि तरी घंटा माझ्याच हाताखाली होती.

संध्याकाळी बसस्थानकावर बाप-लेक भेटले. मला त्यांना चुकवून जायचं होतं, पण त्यांनी पाहिलं. मुलगी धावत आली. डोळे सुजलेले होते, पण बोलताना आवाज नेहमीचाच.

“मॅडम, तुमचं घड्याळ बंद पडलं होतं का? माझी सात मिनिटं झालीच नव्हती. मी मोजून पाठ केलं होतं.”

तिला खरंच तसं वाटत होतं. त्या चेहऱ्यावर आरोपाचा लवलेश नव्हता.

मी उत्तर देण्याआधी वडील पुढं आले. मला नमस्कार केला. “पोरीला म्हनलं मी,” ते म्हणाले, “यंत्राचं काही खरं न्हाई. बाईकडून तसं व्हयाचं न्हाई. बाईनंच तर तिला उभं केलं.”

मुलगी माझ्या तोंडाकडं पाहत उभी होती.

“हो,” मी म्हणाले, “घड्याळच बिघडलं होतं.”

“बग, म्हनलं न्हाई का,” वडील लेकीला म्हणाले, आणि सेलूची गाडी लागली तशी तिची पिशवी उचलून निघाले.