अक्काने बांधलेलं इंजिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, फक्त मध्ये थांबवू नका.

लोणावळ्याच्या एका गॅरेजात रेसच्या गाड्या तयार होतात. तिथं माझ्या हाताचं नाव आहे. इंजिन मीच उघडावं, मीच बांधावं, असं गिऱ्हाइकं सांगतात. हे नाव आलं कुठून?

आमच्या गावी, आंबीला, रिकाम्या गोठ्यात मी एक जुनी रेसची गाडी आणून ठेवली होती. इंजिन जाम. हौसेनं सगळं खोललं — आणि परत बसवता येईना. अक्का, माझी थोरली बहीण, जवळच्या कारखान्यात सुटे भाग तपासायची. एका रविवारी ती येऊन बसली. म्हणाली, "सरक जरा."

काय सांगू तिचं! क्रँकशाफ्टवरून नख फिरवायची आणि कुठं झिजलंय ते सांगायची. मोजून पाहावं, तर तिथंच झिजलेलं. पिस्टनच्या रिंगांची टोकं बारीक कानशीनं घासून एकेक बसवली — घाई नाही, चिडचिड नाही. मी? मी पाने हातात द्यायचो. पहिल्याच स्टार्टरला इंजिन चालू झालं, तेव्हा अक्का लहान पोरीसारखी टाळ्या पिटत हसली.

मग लोणावळ्याच्या त्या गॅरेजचे शेठ गाडीबद्दल ऐकून ती बघायला घरी आले. बराच वेळ कान देऊन ऐकलं. "कुणी बांधलंय हे? मला असा माणूस हवाय."

अक्का शेजारीच उभी होती, हात कोपरापर्यंत काळे. आणि मी — मी म्हणालो, "मीच."

ती काही बोलली का? "चा ठिवते," एवढंच म्हणाली.

नोकरी मिळाली. अडलं की गॅरेजामागं जाऊन मी तिला फोन लावायचो. ती एकदाही टोचून बोलली नाही. "घाई करू नगंस," म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायची. मी जे शिकलो ते असं.

परवा एकवीरेच्या दर्शनाला आली, तेव्हा ती गॅरेजात डोकावली. शेठ नवं इंजिन चालू करून ऐकत होते — कुठंतरी टिकटिक होत होती, कुणाला सापडेना. अक्का माझ्या कानाशी लागली, "शेवटचं टॅपेट सैल हाय रं."

तिला शेठपुढं उभं करायचं, एवढंच तर होतं. काय अवघड होतं त्यात?

मी मोठ्यानं म्हणालो, "शेवटचं टॅपेट सैल आहे, शेठ."

इंजिनाचं वरचं झाकण काढलं. तेच निघालं. शेठनी माझी पाठ थोपटली. अक्का हसली — खरंच, मनापासून, कौतुकानं.

मी तेही घेतलं.