तीन फुटांवरचं पाणी

होळी होऊन आठ दिवस झाले होते. शहाद्याला कॉलेजच्या वाचनालयात परीक्षेचं वाचत बसले होते, तेवढ्यात मायचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही. बाहेर येऊन उचलला, तर एवढंच म्हणाली, "घर ये, पोरी. तुन्हा नाना गयात." मी "हो" म्हणाले. मग आत जाऊन पुस्तकं परत केली, वहीत सही केली, आणि एसटी स्टँडवर गेले. पुस्तकं का परत केली, ते मला अजून कळत नाही…

नाना म्हणजे माझे वडील. सुरतला त्यांनी जवळजवळ तीस वर्षं नाल्या खणल्या. पाण्याच्या, गॅसच्या, केबलच्या. सकाळी कडियानाक्यावर मजुरांच्या घोळक्यात उभं राहायचं, मुकादम नेईल तिथे जायचं, टिकाव-फावडं चालवायचं. ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला घरी यायचे. तिकडे त्यांना सगळे 'खानदेशी' म्हणत, आणि इकडे गल्लीत पाऊल टाकलं की कुणीतरी हाक मारायचं, "उना का रे सुरतवाला!" ते हसायचे. मला मात्र लहानपणी वाटायचं, यांना नुसतं नावानं हाक मारणारं गाव कुठलं?

आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर. हीच नदी पुढे सुरतेला जाते. काम सुटल्यावर नाना तिथल्या पुलावर जाऊन उभे राहायचे आणि मला फोन करायचे. "तठे पानी वाढनं का आज? आठे त गढूळ दिसी ऱ्हायनं." मी विचारायचे, नदी बघायला एवढं लांब चालत कशाला जाता? तर म्हणायचे, "हाई आपलाच गावनं पानी शे. मन्हा मांगे मांगे उनं." कामाबद्दल विचारलं की मात्र विषय बदलायचे. "तू शिक. नालीनं तुले काय करनं शे?" मीही पुढे विचारलं नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मजुरी' लिहिला की माझ्यापुरतं ते संपायचं.

गेल्या पावसाळ्यात गावात नळयोजना आली. मुख्य लाईन गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथून प्रत्येकानं आपापली नाली खणून घरापर्यंत पाइप न्यायचा होता. आमचं घर गल्लीच्या शेवटी, चाळीसेक फुटांवर. नानांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आवाजच बदलला. "कोनी खंदू नका. मी येसू आन खंदसू." ते दिवाळीला येणार होते, पण मुकादमानं सोडलं नाही. तोवर माय दुखऱ्या गुडघ्यानं कोपऱ्यावरच्या नळावरून हंडे आणत होती. "तुन्हा नानानी सुरतना रस्ता खंदी टाकात, आन घरनी नाली बाकीच शे," असं म्हणायची, पण मला खणू देत नव्हती. एक दिवस शेजाऱ्यांकडे जेसीबी आला. माय रानात गेली होती. मी ड्रायव्हरला हात केला. पंधरा मिनिटांत नाली झाली. दुसऱ्या दिवशी पाइप बसला, आणि मायनं पहिला हंडा घरच्या नळावर भरून आत नेला. मला वाटलं, मी चांगलं केलं.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली, त्या दिवसांत नाना कायमचे परत आले. त्यांना दम लागत होता. डॉक्टरांनी जड काम करू नका, असं सांगितलं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवरचा नळ पाहिला.

"नाली कोनी खंदी?"

"मी… जेसीबी बलायना व्हता."

ते नळाकडेच बघत म्हणाले, "बरं करं. तुन्ही मायना गुडघा दुखस." मग विचारलं, "किती खोल शे?"

"फूटभर."

"हाई नाली नही, पोरी. हाई त चुल्हा शे. उन्हायामा पानी उकयी जाई."

नाली खणणाऱ्याच्या मुलीला नाली किती खोल असावी, हे माहीत नव्हतं.

माघात त्यांनी ती उकरायला घेतली. त्यांच्या पहारेला तीन फुटांवर लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी जमिनीला टेकल्याशिवाय पुढे जायचं नाही. सकाळच्या उन्हात हातभर खणायचं, मग ओट्यावर बसून श्वास घ्यायचा. वरची काळी माती एका बाजूला, खालची पिवळी दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही एकत्र लोटायला लागले तर ओरडले, "ज्या थरनी माती त्याच थरमा जावाले पाहिजे. नहीतं पावसायामा जागा धसस." येणारे-जाणारे थट्टा करत. "काय नाना, जेसीबीले हारावस का?" नाना म्हणाले, "त्याले घाई शे, भाऊ. माले आते कोठे जानं शे?"

मी एकदाच म्हणाले, "नाना, ऱ्हाऊ द्या ना." त्यांनी ऐकलं नाही, आणि मीही फार जोर केला नाही. खरं सांगायचं तर त्यांना तसं काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला बघत राहावंसं वाटत होतं. महिनाभरानं पाइप रेतीवर बसला, पिवळी माती आत गेली, वर काळी. पायानं दाबून त्यांनी जागा अशी सारखी केली की, इथे काही खणलं होतं हे कळूच नये.

दहाव्याला एक नातेवाईक म्हणाले, "त्या नालीनीच मारं त्याले." माय त्यांच्याकडे बघतही नव्हती. मी ऐकलं. तेव्हापासून मनात तेच फिरतं. जेसीबीवाल्याला मी 'अजून खोल' एवढं म्हटलं असतं तर… हे मी मायला विचारू शकलेले नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

परवा आखाजी झाली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं नवी मातीची घागर पाण्यानं भरतात. पूर्वी दर आखाजीला आजोबांची घागर नाना भरायचे, नदीवरून पाणी आणून. या वेळी मायनं नानांच्या नावाची घागर माझ्या हातात दिली. मी नदीकडे निघाले तर म्हणाली, "तठे नको. नळवर भर."

गावात वीज दुपारी असते, त्यामुळे नळालाही पाणी दुपारीच येतं. वैशाखाचं ऊन होतं. गल्लीतल्या बाकीच्या नळांचं पाणी या दिवसांत हाताला चटका देतं. मी नळ सोडला. भिंतीवरचा पाइप उन्हात असतो, म्हणून आधी चूळभर गरम पाणी आलं. ते जाऊ दिलं. मग गार आलं. मी हात तसाच धारेखाली धरून बसले. माय मागे उभी होती. तिनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चेहऱ्याला लावलं, आणि म्हणाली, "भर आते."

मी घागर नळाखाली धरली.