भिंतीतल्या टँकची झाडी

वर्ध्याच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा हॉलच्या मधोमध भिंत आली, आणि त्या भिंतीत अडकला बाबांचा मासोळ्यांचा टँक. आई हटून बसली, "टँक हालन नाई." मग मिस्त्रीने तेवढी जागा सोडून भिंत उचलली. एक काच माझ्याकडे, दुसरी धाकट्या भावाकडे. आई त्याच्याकडे राहिली. भांडणात मी त्याला म्हणालो होतो, तुझा उंबरठा चढणार नाही. म्हटलं तर म्हटलं. आमच्या घरात शब्द मागे घ्यायची पद्धत नाही.

आईचे गुडघे गेलेले, कानही जवळजवळ गेलेले. पलीकडे खुर्चीत बसून ती भाजी निवडायची, इकडे मी चहा प्यायचो. ती अंबाडीची जुडी उचलून दाखवायची, मी मान हलवायचो. एवढंच आमचं मायलेकाचं. पण माझा दिवस त्यावर निघायचा.

एकदा भाऊ टँकच्या वरच्या फटीतून बोलला, "याच्यात मांगून दाट झाडी लावाची हाय."

"कोणाच्या मांगून?" मी म्हटलं. "तुह्यं मांगं ते माह्यं पुढं होते."

"मंग मधात लावू."

माझं डोकंच फिरलं. घर घेतलं, माय घेतली, आता ती दिसूही द्यायची नाही! नाही म्हणावं तर हा पठ्ठ्या आपल्या काचेला पेपर चिकटवणार. म्हटलं, "मीच आणतो नागपूरहून."

दुकानदाराने लांब पात्यांचा वॅलिस्नेरिया दाखवला, रुंद पानांचा हायग्रोफिला दाखवला. दोन्ही चिवट, आमच्या बोअरच्या जड पाण्यातही झपाट्याने वाढणारे. मी मुद्दाम कॅबोम्बा उचलला. पिसासारखी पानं, असा भरगच्च की भाऊ खूश व्हावा. दुकानदार म्हणाला, "हा टिकणार नाई भाऊ, याले नरम अन् थंडं पाणी लागते."

"तेच पायजे," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

ऊन तापलं, पाणी कोमट झालं आणि कॅबोम्बा विरघळून गेला. आई पुन्हा स्वच्छ दिसायला लागली. पण भाऊ माझ्याच रक्ताचा. हिंगणीकडच्या कालव्यातून पोतंभर शेवाळ घेऊन आला, दुकानात त्यालाच हायड्रिला म्हणतात. त्या मेल्याला ना ऊन लागलं ना जड पाणी. मी माझ्या बाजूने कापायचो, तर तुकड्या-तुकड्याला नवं फुटायचं. आधी अंबाडी दिसेनाशी झाली, मग आईचे हात, मग तिचा चष्मा. हिरव्या गच्च काचेसमोर बसून मी रोज भावाला शिव्या घालायचो.

पावसाळ्यात आईला दम लागला. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, तसा मी फाटकाकडे धावलो. ती मागच्या सीटवर होती. तिच्या कानाशी ओरडून म्हटलं, "पाह्यलं माय? यानं झाडी लावून तुले झाकून टाकलं!"

"त्यानं नाई रे," ती म्हणाली. "म्याच आणाले लावली."

"काऊन?"

"काचेतून पाहू पाहूच तुह्यं पोट भरे. म्हटलं, दिसेनाशी झाली तं येशीन दारातून." तिला धाप लागली. "आलाच नाई तू."

भावाने गाडीचं दार लावलं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

ती जिवंत परत आली नाही. तिला घरी आणलं तेव्हा मी पहिल्यांदा भावाचा उंबरठा चढलो. हॉलमध्ये तिची खुर्ची होती. टँककडे पाठ आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली.