शेवटची रांग

ओल्या फळ्यावरच्या खडूचा वास आला की मला अजून एक रविवार आठवतो. बर्डीच्या बाजारातल्या वाचनालयाबाहेर लेखक मंडळाचा असाच फळा असायचा, येत्या रविवारच्या कार्यक्रमाचा. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात त्यावर माझं नाव लागलं: कथावाचन, नंतर चर्चा. घरी मी काही बोलले नव्हते, कारण कथेतली सासू बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पेटीत कुलूप लावून ठेवायची, आणि तसं आमच्याच घरी झालं होतं. त्या रविवारी खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलं होतं, खोली गार होती, आणि दुसऱ्या पानावर मान वर केली तर शेवटच्या रांगेत, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, सासूबाई बसलेल्या. बाजारातून येताना त्यांनी फळा वाचला असणार. मी मान खाली घातली आणि वाचत गेले. मंडळाचा नियम असा की चर्चेत लेखकानं तोंड उघडायचं नाही. एक प्राध्यापक म्हणाले, "ही सासू काही पटत नाही. अशी बाई असते का?" मागे खुर्ची सरकली. "असते गा भाऊ," सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मीच आहो ते." आम्ही दोघी एकाच रिक्षानं घरी आलो. दाराशी एवढंच म्हणाल्या, "पुढचं वाचन कवा आहे वं?" त्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मंडळाचा फळा हल्ली मीच लिहिते, पण वाचायला उभी राहिले की आधी शेवटची रांग बघून घेते.